दहा कोर आणि १.३ गिगाहर्ट्झ: फसवणूक नाही, अण्णा

प्रश्न : २००४ साली मी कारखान्याच्या हिशेबासाठी आणि जेकार्डच्या डिझाइनसाठी कॉम्प्युटर घेतला. त्यावर ३ गिगाहर्ट्झ असं छापलेलं होतं. विकणारा म्हणाला होता, "दोन-चार वर्षांत दहाचे येतील, पण तुम्हाला हा पुरे." परवा नातीच्या इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१० कोर' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात १.३ गिगाहर्ट्झ! वीस वर्षांनी वेग निम्म्याहून कमी कसा झाला? दुकानदाराने पडून राहिलेला माल गळ्यात मारला का? की दहा गुणिले १.३ म्हणजे १३ धरायचे? नात म्हणते, "आजोबा, तसं नसतं." पण कसं असतं ते तिलाही सांगता येत नाही.
— एक यंत्रमागवाले, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुम्हाला अण्णा म्हणतो. (कोर म्हणजे प्रोसेसरच्या चिपमधला, स्वतंत्रपणे काम उरकणारा एकेक भाग.) अशोक चौकातल्या मागवाल्याला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. माल पडून राहिलेला नाही, दुकानदाराने फसवलेलं नाही आणि तुमचा गुणाकारही बरोबर नाही. आकडा उतरण्याचं कारण एकच, उष्णता. गुणाकाराचं पुढे सांगतो. मे महिन्यात भर दुपारी नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडं ठेवणाऱ्या माणसाकडून उष्णतेबद्दल ऐकायला तुमची हरकत नसावी.

आधी एक माझ्या फजितीची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं हिशेबाचं बोलणं कोरडं वाटणार नाही. मे २००५. भवानी पेठेतल्या एका चादरवाल्यांकडे डिझाइनचा कॉम्प्युटर होता, तुमच्यासारखाच, त्याच सुमाराचा. रोज दुपारी दोनच्या पुढे तो आपोआप बंद पडायचा आणि दिवे लागणीला गपगुमान चालू व्हायचा. पहिल्या दिवशी मी एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलला. चार दिवसांनी रॅम बदलली. तिसऱ्या वेळी व्होल्टेजवर खापर फोडलं. मालक सज्जन, पण त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसत होती. शेवटी एक दिवस अडीच वाजता तिथंच ठाण मांडून बसलो आणि कॅबिनेटचा पत्रा काढला. प्रोसेसरवरचा पंखा बोंबलत फिरत होता, पण खाली हात धरला तर वारा नाही. पंखा उचलला. खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर सुताच्या बारीक तंतूंचा थर बसलेला. नखाने कड सोडवली तर अख्खा चौकोन अलगद निघाला, पात्यांच्या रेघा उमटलेला, दाट, जवळजवळ मऊ. मालक म्हणाले, "काय ओ, हा तर स्वतःच चादर विणायलाय की!" एसएमपीएस आणि रॅमचे पैसे मी परत केले. मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत कॉम्प्युटर ठेवला की पहिल्यांदा पंख्याखाली बघायचं, हे मला तेव्हापासून कुणी सांगावं लागत नाही.

पण गंमत पुढे आहे. पाती साफ केली, प्रोसेसर आणि पात्यांच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी नवी थर्मल पेस्ट लावली, तरी पुढच्या कडक उन्हात तो पुन्हा एक-दोनदा बसलाच. त्या काळात प्रोसेसर बनवणारी इंटेल कंपनी कॅबिनेट बनवणाऱ्यांना सांगायची, की प्रोसेसरच्या पंख्यात शिरणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यासाठी बाजूच्या पत्र्याला प्लास्टिकचा भोंगा बसवलेली कॅबिनेटं आली होती, बाहेरची थंड हवा थेट पंख्यावर यावी म्हणून. थंड हवा! आपल्याकडे मे महिन्यात खोलीतलीच हवा ४२-४३ अंशांची. भोंग्यातून येऊन येऊन येणार काय, तर झळ.

आता मुद्द्यावर येतो. प्रोसेसर म्हणजे बारीक स्विचांची फौज. २००४ साली आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ च्या 'प्रेस्कॉट' जातीत असे साडेबारा कोटी स्विच, म्हणजे ट्रान्झिस्टर, ११२ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनवर होते. अंगठ्याच्या नखाएवढी जागा समजा. त्यातल्या वरच्या मॉडेलांची उष्णता ११५ वॅटपर्यंत जायची. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० वॅट. घरची १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. नखाएवढ्या जागेत इस्त्रीच्या वीसपट दाह! शिवाय इस्त्री तापावी म्हणूनच आपण ती लावतो, आणि हा तुकडा मात्र सत्तरेक अंशांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर तो आधी स्वतःच आपला वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद पडतो. भवानी पेठेतला तो कॉम्प्युटर बिघडलेला नव्हताच, शहाण्यासारखा वागत होता. अडाणी मी होतो.

ही उष्णता येते कुठून? प्रत्येक स्विच उघडताना-मिटताना थोडासा विद्युतभार भरला जातो आणि सोडला जातो, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. किती जाते ते तीन गोष्टींवर ठरतं. स्विच किती आहेत, सेकंदाला किती वेळा हलतात (हेच तुमचं गिगाहर्ट्झ, एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके) आणि व्होल्टेज किती. यात व्होल्टेजचा वर्ग होतो, ते दुप्पट केलं तर उष्णता चौपट. आणि खरी मेख इथं आहे, की स्विच जास्त वेगाने हलवायचे तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. वेग वाढवा, व्होल्टेज वाढवा, त्याचा पुन्हा वर्ग करा. म्हणजे ढोबळ हिशेबाने उष्णता वेगाच्या घनाने चढते.

हेच गणित उलटं चालवून बघा. कॅल्क्युलेटर घ्या. वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, उत्तर ०.५१. वेग पाचवा हिस्सा गेला, पण उष्णता निम्मी झाली. मग उरलेल्या निम्म्यात तसाच दुसरा प्रोसेसर शेजारी बसवा. दोघांची उष्णता मिळून पूर्वीइतकीच, आणि काम? ०.८ अधिक ०.८, म्हणजे १.६. त्याच तापात साठ टक्के जास्त काम. अण्णा, कोर वाढण्यामागची सगळी युक्ती या एका गणितात आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं सोपं होतं तर १९९५ मध्येच का केलं नाही? कारण गरज नव्हती, तोवर फुकटचा माल मिळत होता. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगाने चालतात आणि जागेची उष्णता मात्र वाढत नाही. (आपल्या रॅममधल्या एका-ट्रान्झिस्टरच्या मेमरीची कल्पनाही याच डेनार्डांची. या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात का नसतं, कोण जाणे.) व्होल्टेज ५ वरून ३.३, मग दीडच्या आसपास असं उतरत गेलं आणि वेग चढत गेला. १९९३ चा पहिला पेंटियम ६६ मेगाहर्ट्झचा (हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ). २००० साली इंटेलची स्पर्धक एएमडीने आणि पाठोपाठ इंटेलने एक गिगाहर्ट्झ गाठला. २००२ च्या नोव्हेंबरात ३.०६. दहा वर्षांच्या आत पंचेचाळीसपट! तुमचा विकणारा 'दहाचे येतील' म्हणाला त्यात त्याचा दोष नाही. दहा गिगाहर्ट्झची भाषा तेव्हा बनवणारेच करत होते.

मग व्होल्टेज उतरायचं थांबलं. ट्रान्झिस्टर म्हणजे एक नळ समजा. व्होल्टेज कमी करायचं तर नळ हलक्या हाताने उघडेल असा सैल करावा लागतो. पण सैल नळ नीट मिटतही नाही, ठिबकत राहतो. त्यात आतलं इन्सुलेशन पातळ होत होत मोजक्या अणूंच्या जाडीवर आलेलं, तिथूनही पाझर. सोलापूरकराला गळक्या नळाचं दुःख वेगळं सांगायला नको. एक नळ गळला तर बादली लावता येते, साडेबारा कोटी नळ एकदम ठिबकायला लागले तर काय लावणार? काहीही काम न करता नुसती बसल्या जागी वीज जाऊ लागली, आणि तिचीही उष्णताच. प्रेस्कॉट मागच्या पेंटियम ४ पेक्षा बारीक तंत्रावर बनला होता. जुन्या हिशेबाने तो थंड असायला हवा होता, निघाला जास्त तापट.

तो ३.८ गिगाहर्ट्झवर अडकला. मे २००४ मध्ये इंटेलने पुढचा नियोजित प्रोसेसर गुंडाळला, ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ सुद्धा रद्द केला. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून गमतीने माफी मागितली. एवढी मोठी कंपनी गुडघ्यावर आली ती कुणा स्पर्धकामुळे नाही, तापामुळे. मला तरी त्या प्रसंगाचं फार अप्रूप वाटतं.

दोन कोरची कल्पना नवी नव्हती. आयबीएमने मोठ्या सर्व्हरसाठी २००१ सालीच एका चिपवर दोन कोर बसवले होते. घरच्या कॉम्प्युटरात ते २००५ मध्ये आले. इंटेलचा पेंटियम डी घाईघाईत आला. वर मी गणित सांगितलं तसं त्यात नीट झालंच नव्हतं. तेच प्रेस्कॉटचे दोन तापट कोर शेजारी शेजारी बसवले, दोन तापट जावा एका चुलीवर! ३.२ गिगाहर्ट्झच्या मॉडेलची उष्णता १३० वॅट. ते मॉडेल दुरुस्तीला आलं की मी आधी टेबलफॅन लावायचो. खरा उतारा पडला तो जुलै २००६ च्या कोअर २ ड्युओने. त्याचं मूळ लॅपटॉपच्या प्रोसेसरांत, इस्राएलमधल्या हैफाच्या पथकाने केलेल्या कामात. लॅपटॉपवाल्यांना पहिल्यापासून बॅटरी आणि ताप सांभाळायची सवय, ती कामी आली. २.४ गिगाहर्ट्झ, दोन कोर, ६५ वॅट. आकडा ३.८ वरून २.४ वर उतरला आणि काम मात्र जास्त, कारण प्रत्येक ठोक्यात तो जास्त सूचना उरकायचा. म्हणूनच दोन वेगळ्या जातींचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडून बघू नयेत. तुमच्या नातीच्या लॅपटॉपचा एक ठोका तुमच्या २००४ च्या एका ठोक्याहून कितीतरी जास्त काम करतो.

कुणी विचारेल, वाढीव ट्रान्झिस्टर वापरून एकच मोठा, हुशार कोर का नाही केला? इंटेलच्याच फ्रेड पोलॅक यांचा त्यावर एक ठोकताळा आहे. कोरची गुंतागुंत दुप्पट केली तर काम वाढतं सुमारे चाळीस टक्के. तेवढ्याच जागेत साधे दोन कोर बसवले तर वरकरणी दुप्पट.

'वरकरणी' म्हटलं, आता ते तुमच्या धंद्यातून सांगतो. मागाचा वेग वाढवायला मोटरची पुली बदलली तर काय होतं, हे तुम्ही मला शिकवाल. सूत तुटतं, धोटा उडतो, कामगार शिव्या घालतो. त्यापेक्षा बऱ्या वेगाचे दोन किंवा चार माग एकाच माणसाकडे दिले की माल जास्त निघतो. चार माग म्हणजे चार कोर, इथवर ठीक. पण एकच चादर अर्धी या मागावर आणि अर्धी त्या मागावर विणता येते का? नाही. मागच्या आडव्या धाग्यावर पुढचा बसतो, रांग मोडता येत नाही. ऑर्डर शंभर चादरींची असेल तर चार माग कामाला लागतील. एकच चादर आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल, तर तीन माग नुसते बघत बसतील.

कॉम्प्युटरचं अगदी तसंच. व्हिडिओ तयार करणं, मोठं चित्र रंगवणं, नातीचं सिम्युलेशन ही शंभर चादरींची कामं. तुमची जुनी हिशेबाची प्रणाली ही एक चादर. तिला दहा कोर द्या नाहीतर पन्नास, ती एकाच कोरवर दळण दळत बसणार. कॉम्प्युटर घडवणारे जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच हे मांडलं होतं. समजा एका तासाचं काम आहे आणि त्यातली १५ मिनिटं अशी, की ती एकट्यानेच करावी लागतात, मागावर ताण्याचा बीम भरण्यासारखी. उरलेली ४५ चार कोरांत वाटली, तर एकूण सव्वासव्वीस मिनिटं लागतील. सोळा कोर लावले तर साधारण अठरा. हजार लावले तरी पंधराच्या खाली येणार नाही. म्हणून दहा गुणिले १.३ करून १३ काढू नका. २००४ च्या आधी प्रोग्राम लिहिणारा झोपून राहिला तरी नवा प्रोसेसर त्याचा प्रोग्राम पळवायचा. त्यानंतर काम वाटून देण्याचं ओझं त्याच्यावर आलं, आणि बऱ्याच जणांनी ते अजून उचललेलं नाही. ही तक्रार मी गेली पंधरा वर्षं करतोय, कुणी ऐकत नाही.

राहिला तो १.३ चा आकडा. दहा कोर आणि १.३ असं असेल तर त्या चिपमध्ये दोन मोठे आणि आठ छोटे कोर असणार. जड काम मोठ्यांना, किरकोळ काम कमी वीज खाणाऱ्या छोट्यांना. १.३ हा मोठ्या कोरांचा तळाचा वेग, साधारण १५ वॅटमध्ये कितीही वेळ चालवला तरी टिकणारा. खोक्यावर नीट बघा, कुठेतरी चारच्या वरचा आकडा सुद्धा लिहिलेला सापडेल. काम अंगावर आलं की एखादा मोठा कोर तेवढा धावतो, ताप चढला की उतरतो. किती वेळ धावेल हे थंडावा ठरवतो. म्हणून नातीला सांगा, लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नकोस, खालची जाळी बुजते. मे महिन्यात तर मुळीच नको. आणि मागाच्या शेडपासून चार हात लांब!

तिला विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आलेख कोरनिहाय सुटा करून बघायला सांगा. दहा कोर म्हणून दहा खाने शोधाल आणि दिसतील बारा. दुकानदाराने दोन फुकट दिलेले नाहीत. मोठा कोर एकाच वेळी दोन कामांचे धागे हातात धरतो, म्हणून त्याचे दोन-दोन खाने दिसतात.

प्रश्न : माझ्या मोबाइलला आठ कोर, भावाच्या आयफोनला सहाच. तरी त्याचा पटकन उघडतो. असं का?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत तर निम्मं काम झालं. ॲप उघडणं हे बरंचसं एका चादरीचं काम. तिथं एक मोठा कोर किती दमदार आहे ते महत्त्वाचं, कोर किती ते नाही. आयफोनच्या सहापैकी दोन मोठे आणि चार छोटे, पण ते दोन फार तगडे आहेत. स्वस्त फोनच्या आठांत बहुतेक सगळे छोटेच असतात. मोबाइलला पंखा नसतो, आठही एकदम धावले तर तुमचा हात भाजेल.

प्रश्न : थर्मल पेस्ट घरी लावायची आहे. एक मित्र म्हणतो जितकी जास्त तितकं थंड. खरं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उलट आहे. पेस्ट धातूपेक्षा उष्णता कमी वाहून नेते. चिप आणि ॲल्युमिनियम डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक खाचा असतात आणि त्यात हवा अडकते. ती हवा हाकलण्यापुरतीच पेस्ट लागते. जुनी पेस्ट पुसून काढा, मधोमध तुरीच्या डाळीएवढा ठिपका ठेवा आणि वरचा भाग सरळ दाबून बसवा, तो आपोआप पसरतो. भाकरीवर शेंगाचटणी थापतात तशी थापू नका.